हेडर गार्ड नेमके काय अडवतो?

कोल्हापुरात सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये असा समज रुळला आहे, की हेडर फाइलला (अनेक सोर्स फाइलींत, म्हणजे प्रोग्रामच्या कोडच्या फाइलींत, घेतल्या जाणाऱ्या सामाईक फाइलला) इन्क्लूड गार्ड (तिचा मजकूर दुसऱ्यांदा घेतला जाऊ नये म्हणून लिहिलेली अट) लावला म्हणजे तिच्यातील मजकूर संपूर्ण प्रोग्रामसाठी एकदाच धरला जातो. तसे नाही. प्रत्येक सोर्स फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते आणि गार्ड त्या एका फाइलपुरतीच पुनरावृत्ती अडवतो. सामाईक स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली माहिती), इनम (नावे दिलेल्या किमतींची यादी) व टाइपडेफ (प्रकाराला दिलेले दुसरे नाव) हेडरमध्येच ठेवावेत, कारण उद्यमनगरातील ओतकामाच्या साच्याप्रमाणे त्या केवळ आकाराच्या व्याख्या असतात आणि मेमरीत जागा घेत नाहीत. आरंभीची किंमत दिलेला ग्लोबल व्हेरिएबल मात्र तेथे लिहिला आणि ते हेडर दोन सोर्स फाइलींत घेतले, तर गार्ड असूनही त्याची व्याख्या दोनदा होते आणि लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम) अडतो. म्हणून हेडरमध्ये एक्स्टर्न घोषणा (व्हेरिएबल दुसरीकडे आहे एवढेच सांगणारी ओळ) ठेवून व्याख्या एकाच सोर्स फाइलमध्ये लिहावी.