धातूच्या नळीचा पाइप

धातूच्या नळीचा पाइप हा तंबाखू ओढण्याच्या पाइपचा एक प्रकार. यात तंबाखू जळते ती वाटी लाकडाची असते आणि वाटीपासून ओठांपर्यंत धूर नेणारी दांडी ॲल्युमिनियमची किंवा दुसऱ्या धातूची. नेहमीच्या पाइपात वाटी आणि दांडीचा पुढचा भाग लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेला असतो. इथे दोन्ही भाग सुटे असून आट्यांनी एकमेकांत बसतात. विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झालेले कर्स्टन आणि फाल्कन हे या प्रकारातले सर्वांत परिचित पाइप. कोरडा धूर देणारा पाइप असा त्यांचा लौकिक आहे. तो खरा आहे, मात्र तो नुसत्या धातूच्या जोरावर टिकत नाही. धुरातले पाणी धातू गोळा करतो. ते पुसून काढायचे काम ओढणाऱ्याचेच असते. न पुसलेला धातूचा पाइप चांगल्या लाकडी पाइपपेक्षा वाईट चालतो. म्हणून पुढील नोंदीत इतिहासापेक्षा निगेलाच जास्त जागा दिली आहे.

धूर ओला का होतो

पाइपची तंबाखू मुद्दाम ओलसर ठेवतात. तिच्या वजनात साधारण १२ ते २० टक्के पाणी असते. शिवाय पान जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून नवे पाणी तयार होते. ही सगळी वाफ धुराबरोबर पुढे सरकते आणि थंड भिंतीला लागली की तिचे थेंब होतात. त्यात निकोटिन आणि कीट मिसळून काळपट, कडवट रस तयार होतो. लाकडी पाइपात यातला काही रस लाकूड पिऊन टाकते, उरलेला नळीत साचतो आणि प्रत्येक झुरक्याला गुरगुर ऐकू येते. अशा गरम, ओल्या धुराने जीभ पोळते. पाइप सुरू करणारे बरेच जण याच कारणाने तो सोडून देतात.

ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक सहज वाहते. त्यामुळे धुराची उष्णता नळीच्या भिंतीवाटे बाहेरच्या हवेत जाते आणि ओल वाटेतच सुटते. धूर थंड करण्याची कल्पना तशी जुनीच. आपल्याकडे चिलीम ओढणारा तिच्या बुडाशी ओली छापी धरतो, गुडगुडीत तर धूर थेट पाण्यातूनच येतो. या पाइपात तेच काम धातूची भिंत करते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थंड आणि कोरडा धूर जिभेला सुसह्य असतो, शरीराला निरुपद्रवी नसतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू आहे, तो नळीच्या भिंतीवर गोठून मागे राहत नाही. धूर छातीत न घेता नुसता तोंडात खेळवला तरी निकोटिन रक्तात जाते. पाइप ओढणाऱ्यांना तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका असतो. धातूच्या नळीने तो टळतो असे समजण्याला कसलाही आधार नाही. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या सुधारित नियमांत पाइपही अर्थातच येतो.

जपानी किसेरू

धातूचा पाइप ही मूळची अमेरिकी कल्पना नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तंबाखू जपानला पोहोचली आणि तिथे किसेरू हा लांब, सडपातळ पाइप घडला. त्याची वाटी आणि ओठांत धरायचे टोक धातूचे असते, मधली नळी बांबूची. सबंध धातूचाच किसेरूही असतो. त्याला नोबे-किसेरू म्हणतात. त्यात केसासारखी बारीक चिरलेली तंबाखू वाटाण्याएवढीच भरतात. तीन-चार झुरक्यांत ती संपते, त्यामुळे धातूची वाटी हात भाजण्याइतकी तापतच नाही. पाश्चात्त्य पाइपची वाटी अर्धा-पाऊण तास जळत राहते, म्हणून तिथे वाटी लाकडाची ठेवणे भाग पडले आणि धातू फक्त नळीपुरता उरला.

किसेरूच्या देशात निगा हा स्वतंत्र धंदाच होता. राओया नावाचे फिरते कारागीर गल्लोगल्ली जाऊन कीट साचलेल्या बांबूच्या नळ्या बदलून देत. पुढे त्यांच्या हातगाडीवर छोटा बॉयलर आला. त्याच्या वाफेने धातूच्या भागांतले कीट पातळ होऊन निघे आणि त्याच वाफेवर वाजणारी शिटी लोकांना गाडी आल्याचे कळवी. साफसफाईसाठी गिऱ्हाईक पैसे मोजून माणूस बोलावत असे, यावरूनच धातूत कीट किती चिवटपणे बसते याची कल्पना यावी.

कर्स्टन आणि फाल्कन

फ्रेडरिक कर्स्टन हे सिॲटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. जन्म जर्मनीतला, काम विमानविद्येतले. विमाननिर्माते विल्यम बोइंग यांच्याबरोबर त्यांनी फिरत्या पात्यांच्या एका वेगळ्या प्रकारच्या प्रोपेलरवर काम केले होते आणि विमानांच्या प्रतिकृतींवर वाऱ्याचा परिणाम तपासणाऱ्या विद्यापीठातील वातबोगद्याला आजही त्यांचेच नाव आहे. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितल्यावर ते पाइपकडे वळले आणि त्याच्या ओल्या धुराला कंटाळून १९३० च्या दशकात त्यांनी स्वतःचाच पाइप घडवला, असे सांगितले जाते. उष्णता आणि हवेचा प्रवाह यांचा विचार करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात त्या रचनेत दिसतो. दांडी म्हणजे ॲल्युमिनियमची जाडसर पोकळ नळी. वाटी तिच्यावर आट्यांनी बसते. पुढच्या टोकाला फिरवायची झडप असते. मागून माउथपीस, म्हणजे ओठांत धरायचे टोक, आणि त्याला जोडलेली बारीक नळी आत सरकवलेली असते. जाड नळीच्या थंड भिंतीशी धूर ओल सोडतो आणि झडप फिरवून हवेची वाट उघडता-बंद करता येते. सुरुवातीच्या पाइपांत हे भाग धातूत धातू असे बसत. नंतरच्या पाइपांत फटी बंद करणाऱ्या रबरी ओ-रिंगा (गोल कड्या) आल्या.

फाल्कनची रचना याहून साधी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातले केन्ली बग हे त्याचे जनक. पेटंट १९३६ चे. नळीच्या पुढच्या टोकाशी उथळ कप असतो आणि वाटी त्या कपावर आट्यांनी बसते. धूर वाटीच्या बुडातल्या भोकातून खाली कपात उतरतो, तिथे वळतो आणि बारीक नळीतून तोंडाशी येतो. रस मात्र कपातच राहतो. पहिला पाइप ओढून झाल्यावर वाटी उघडून पाहिली की कपाच्या तळाशी गडद चहाच्या रंगाचे काही थेंब दिसतात, कडेला पिवळट कडे धरलेले असते आणि वास इतका उग्र येतो की हे सगळे तोंडात जाणार होते हे पटायला दुसरा पुरावा लागत नाही. १९५० च्या दशकात फाल्कन ब्रिटनमध्ये पोहोचला आणि पुढची दोन दशके तिथे तो अतिशय लोकप्रिय झाला. किंमत बेताची आणि वाट्या सुट्या मिळत, ही त्याची दोन मोठी कारणे.

या वाट्या ब्रायरच्या असतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कठीण असते आणि सहजासहजी जळत नाही. मात्र ओढून झाल्यावर ती वाळायला निदान एक दिवस लागतो. लाकडी पाइपवाल्याला म्हणून तीन-चार पाइप बाळगावे लागतात. धातूची नळी पुसली की लगेच तयार होते, तेव्हा एक नळी आणि चार वाट्या एवढ्यात काम भागते. या पाइपची हीच सर्वांत मोठी सोय आहे. थंड धुराचा क्रम तिच्यानंतरचा.

ओढण्याची रीत

वाटी तीन टप्प्यांत भरतात. तळाला तंबाखू सैल सोडायची, मधला थर हलक्या हाताने दाबायचा, वरचा किंचित घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता एक झुरका घ्यावा. हवा किंचित अडखळत पण सहज आली पाहिजे. फाल्कनमध्ये ही चाचणी जास्त महत्त्वाची, कारण बुडाचे भोक सरळ कपात उघडते आणि फार बारीक चुरा खाली पडून कपाचे तोंड बंद करतो. चुरा असेल तर तळाशी एखादे जाड पान आधी ठेवावे.

पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यासाठी. तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परने (तंबाखू दाबायच्या चपट्या टोकाच्या दांडीने) हलकेच दाबायची आणि मग खरी पेटवायची. त्यानंतर सावकाश ओढणे हेच कौशल्य. नळी थंड लागते म्हणून नवखा माणूस भराभर झुरके घेतो. वाटी मात्र लाकडाचीच असते. ती तापते आणि आतून करपते. हात नळीवर ठेवून तापमान कळणार नाही, बोट वाटीला लावूनच पाहावे. वाटी गालाला टेकवता येत नसेल इतकी गरम झाली तर पाइप खाली ठेवावा. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवण्यात काहीच कमीपणा नाही.

निगा

पाइप गरम असताना वाटी फिरवून काढू नये. लाकूड आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यात लाकडाचे आटे मऊ झालेले असतात. घाई केली की ते झिजतात आणि पुढे वाटी सैल बसते, तिच्या कडेने हवा शिरते. पाइप पूर्ण थंड झाल्यावर वाटी काढायची, राख टाकायची, कप कागदी रुमालाने पुसायचा आणि नळीतून पाइप क्लीनर (मऊ धागे गुंडाळलेली लवचिक तार) स्वच्छ निघेपर्यंत घालायचा. कर्स्टनमध्ये माउथपीस आणि झडप दोन्ही काढून, बंदुकीची नळी साफ करतात तसा कागदाचा बोळा एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने काढायचा. या कामाला दोन मिनिटे लागतात, पण ते त्याच दिवशी व्हायला हवे. ओला रस पुसला जातो, वाळलेले कीट खरवडावे लागते.

कपात शोषक कागदाची चकती ठेवायची सोय फाल्कनच्या उत्पादकांनी केलेली आहे. ती वापरावी, पण रोज बदलावी. भिजलेली चकती तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशीचा धूर आंबूस लागतो.

वाटीच्या आत कोळशाचा थर जमतो. तो लाकडाचे रक्षण करतो म्हणून राहू द्यावा, फक्त एक-दीड मिलिमीटरहून जाड होऊ देऊ नये. जाड थर लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटी तडकवतो. तो रीमरने (वाटी आतून खरवडायच्या हत्याराने) किंवा बोथट सुरीने थोडा थोडा कमी करावा. वाटी पाण्यात बुडवू नये.

आठ-दहा वेळा ओढल्यावर नळी अल्कोहोलने साफ करावी. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, व्होडकाही चालते. पूर्ण उडून जाईपर्यंत पाइप वापरायचा नाही एवढेच. हार्डवेअरच्या दुकानातले निळे स्पिरिट मात्र कधीही वापरू नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. माउथपीस ॲक्रिलिकचा असेल तर त्याला अल्कोहोलने बारीक चिरा जातात. तो कोमट साबणपाण्यानेच धुवावा.

धातूबाबत आपल्या घरात होणारी मोठी चूक म्हणजे भांडी घासायच्या सवयीने पाइप घासणे. ॲल्युमिनियमच्या नळीवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या ऑक्साइडचा, पातळ, कठीण थर असतो. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा तो थर खातात. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर आणि तारेची घासणी त्यावर ओरखडे काढतात. एकदा थर गेला की नळी काळवंडते आणि कीट जास्त घट्ट धरते. मऊ फडके आणि कोमट पाणी पुरेसे आहे.

जुन्या पाइपचे भाग कीटाने जाम झालेले असतात. पकडीने पिळू नये. नळी गोल राहत नाही आणि मग ओ-रिंग कितीही बदलली तरी हवा गळते. आधी वाटी निघते का पाहावे. निघाली तर नळी तासभर कोमट पाण्यात ठेवावी, फटीत अल्कोहोलचे थेंब सोडावेत आणि हाताने उलटसुलट थोडे थोडे फिरवावे. एका दिवसात न सुटलेला भाग दुसऱ्या दिवशी बहुधा सुटतो. वाटीच निघत नसेल तर सबंध पाइप पाण्यात टाकता येत नाही, तेव्हा फक्त आट्यांच्या जोडावर अल्कोहोल सोडून थांबावे लागते. जुना पाइप विकत घेताना नळीच्या आतल्या भिंतीवरचे खड्डे आणि वाटीचे आटे आधी तपासावेत. वाटी बदलता येते. आतून खड्डे पडलेली नळी पुन्हा गुळगुळीत होत नाही.