पीएचपीत टिंबाचा अंडरस्कोर का होतो?

फॉर्ममधल्या एखाद्या खान्याला ‘ग्राहक.नाव’ असं नाव द्या, फॉर्म सबमिट करा आणि पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यात भरलेली माहिती शोधायला जा. सापडत नाही. सापडतं ते ‘ग्राहक_नाव’. ब्राउझरने टिंबच पाठवलेलं असतं. बदल सर्व्हरवर होतो, तोही आपल्या कोडची पहिली ओळ चालण्याआधी. एरर नाही, वॉर्निंग नाही. नवख्या माणसाची अख्खी दुपार यात जाते.

आपला ऑनलाइन बायोडेटा कोण पाहतं हे कळावं म्हणून रासमुस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि 1995 मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्यातून पीएचपी वाढली आणि तिची एक सोय लोकांना फार आवडली: फॉर्ममधला खाना थेट व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये माहिती साठवणारं नाव, होऊन समोर यायचा. खान्याचं नाव ‘शहर’, तर कोडमध्ये $शहर तयार. (हे देवनागरी नाव नुसतं उदाहरणापुरतं नाही, पीएचपीला ते खरंच चालतं.)

अडचण टिंबाची. पीएचपीत टिंब ही दोन मजकूर जोडायची खूण आहे. $ग्राहक.नाव असं लिहिलं की भाषा समजते, $ग्राहकच्या पुढे ‘नाव’ जोडायचंय. स्पेस तर कुठल्याच व्हेरिएबलच्या नावात बसत नाही. म्हणून दोन्हींच्या जागी अंडरस्कोर. आणि टिंब टाळणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नव्हतं. चित्राचं सबमिट बटण दाबलं की नेमकं कुठे क्लिक झालं ते ब्राउझर ‘बटण.एक्स’ आणि ‘बटण.वाय’ अशा नावांनी स्वतःच पाठवतो. बदल केला नसता, तर हे आकडे व्हेरिएबल म्हणून वाचताच आले नसते.

पुढे ती सोयच महागात पडली. लॉगिन बरोबर असेल तरच $अधिकृत खरं करायचं, पण सुरुवातीला ते खोटं ठेवायला प्रोग्रॅमर विसरला, तर वेबपत्त्याच्या शेवटी ‘?अधिकृत=1’ जोडलं की तेही व्हेरिएबल होऊन कोणीही आत. डिसेंबर 2001 मध्ये 4.1 आवृत्तीत फॉर्मची माहिती नावानिशी ठेवणाऱ्या याद्या, म्हणजे $_गेट, $_पोस्ट हे ॲरे आले. एप्रिल 2002 च्या 4.2 मध्ये जुनी सोय मुळात बंद ठेवून दिली जाऊ लागली, आणि मार्च 2012 च्या 5.4 मध्ये ती काढूनच टाकली.

ॲरेच्या कीमध्ये, म्हणजे यादीतल्या नावात, टिंब खुशाल चालतं. म्हणजे नाव बदलायचं कारण संपलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ‘ग्राहक_नाव’ शोधणारा जुना कोड मोडू नये म्हणून नियम तसाच राहिला. कुकीजनाही तोच लागू. फॉर्ममधून ‘ग्राहक.नाव’ आणि ‘ग्राहक_नाव’ दोन्ही पाठवले तर नंतर येणारं आधीच्यावर लिहिलं जातं. ओपनआयडी या एकाच ओळखीने अनेक साइट्सवर लॉगिन करायच्या पद्धतीचे सगळे पॅरामीटर टिंबाचे, त्यामुळे पीएचपीत ते राबवणाऱ्यांना या नियमाला वळसा घालावा लागला.

एक पळवाट भाषेतच आहे: ‘ग्राहक[घर.क्रमांक]’ लिहिलं तर चौकटी कंसातलं टिंब शाबूत राहतं. दुसरा उपाय म्हणजे मूळ क्वेरी स्ट्रिंग (वेबपत्त्यातला ‘?’ नंतरचा भाग) घेऊन आपणच फोडायची. तिथे मात्र लोक हमखास पार्स-स्ट्र हे तयार फंक्शन वापरतात, आणि तेही टिंबाचा अंडरस्कोरच करतं.