शाई-जलरंगांतील आल्प्स

अठराव्या शतकाची अखेर ते एकोणिसाव्याचा मध्य या काळात, मुख्यतः इंग्रज चित्रकारांनी शाई व पारदर्शक जलरंगांत केलेली आल्प्स पर्वताची निसर्गचित्रे. कडे, दऱ्या, हिमनद्या तोवर चित्राच्या पार्श्वभूमीला असत. धडकी भरवणाऱ्या विशालतेतही एक आनंद असतो, हा तत्त्वचिंतक एडमंड बर्कने १७५७ मध्ये मांडलेला विचार रुजला, तसा डोंगरच चित्राचा विषय झाला.

सुरुवातीची पद्धत रेखांकनाला जवळची. पेन्सिलीच्या रेषांवर करड्या शाईचे वॉश, म्हणजे पाण्यात विरळ केलेले पातळ थर, देऊन छायाप्रकाश आधी बसवायचा, मग वरून हलके रंग. बर्फ रंगवायचा नसतो, राखायचा असतो. कागदाचा कोरा भाग हेच शिखर. इंग्रज चित्रकार जॉन रॉबर्ट कझन्स (१७५२–९७) १७७६ मध्ये स्वित्झर्लंडला गेला. करडा, निळा, मंद हिरवा एवढ्यावरच त्याचे बहुतेक काम भागते. उत्तरायुष्यात त्याला वेड लागले. उपचार करणारे डॉ. टॉमस मन्रो चित्रसंग्राहक होते. त्यांच्या लंडनच्या घरी संध्याकाळी दोन होतकरू मुले कझन्सच्या नकला करीत. टॉमस गर्टिन रेषा काढी, जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) वॉश देई. टर्नरला आल्प्स प्रथम भेटला तो असा, कागदावर.

प्रत्यक्ष भेट १८०२ मध्ये झाली, फ्रान्सशी तह होऊन वाट मोकळी झाल्यावर. त्या वेळच्या एका वहीची पाने त्याने आधीच करड्या वॉशने माखली आणि बर्फ, फेस, ऊन नंतर खरवडून काढले. राखलेल्या पांढऱ्याऐवजी उकरून काढलेला पांढरा: कझन्सची पद्धत त्याने उलटी केली. (१८३० च्या दशकात जी. एफ. व्हाइट या लष्करी अधिकाऱ्याच्या रेखाटनांवरून त्याने हिमालयही रंगवला. भारतात तो कधी आला नाही.)

रिगी या डोंगराच्या १८४२ च्या तीन चित्रांत, निळ्या, तांबड्या व काळोख्या, करड्या शाईचा पाया उरलेला नाही. ल्यूसर्न सरोवराकाठचा रिगी अवघा १,७९८ मीटर, आल्प्सच्या मानाने बुटकाच. निळ्या रिगीत पहाटेचा तारा आहे आणि डोंगर थरावर थर दिलेल्या निळ्यातून उभा राहतो. हे चित्र २००७ पासून लंडनच्या टेट संग्रहालयात आहे; तांबडे मेलबर्नमध्ये. १८४२ च्या दहा स्विस चित्रांपैकी नऊच खपली. दहावे टर्नरने विक्रेता टॉमस ग्रिफिथला दलालीपोटी दिले.