निर्यातमर्यादेचा नफा कोणाच्या पदरात?

१९७९ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी ग्राहक इंधन कमी खाणाऱ्या छोट्या जपानी मोटारींकडे वळला, अमेरिकी मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइटच्या कारखान्यांत कामगारकपात सुरू झाली आणि तिथल्या क्रायस्लर या मोटार कंपनीला तगून राहण्यासाठी सरकारी कर्जहमी घ्यावी लागली. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या रेगन सरकारला स्वतः आयातीवर कोटा लावणे अवघड होते. म्हणून १९८१ मध्ये जपाननेच ‘स्वेच्छेने’ वर्षाला १६.८ लाख मोटारींची निर्यातमर्यादा मान्य केली. ही स्वेच्छा कितपत खरी होती, हे वेगळे सांगायला नको.

मागणी तेवढीच राहून पुरवठा आखडला की किंमत चढते. आयातशुल्क असते, तर या जादा पैशातील मोठा वाटा वॉशिंग्टनच्या तिजोरीत जमा झाला असता. इथे शुल्कच नव्हते, केवळ गाड्यांची मोजदाद होती. त्यामुळे चढ्या किमतीचा लाभ ज्यांना रोखायचे होते त्या जपानी उत्पादकांनाच मिळाला, आणि स्पर्धा सैल झाल्याचे पाहून डेट्रॉइटनेही आपल्या किमती वाढवल्या. भुर्दंड पडला तो ग्राहकाला. शिवाय मर्यादा नगांवर होती, मूल्यावर नव्हती. मोजक्याच गाड्या पाठवायच्या, तर त्या साध्या कशाला, असा हिशेब करून कंपन्यांनी अधिक सोयींच्या, अधिक महाग मोटारी जहाजांत भरल्या. पुढे १९८६ मध्ये होंडाची अ‍ॅक्युरा आणि १९८९ मध्ये टोयोटाची लेक्सस अमेरिकेत आली. त्यामागे इतरही कारणे होती. तरी महागड्या मोटारींच्या बाजाराकडे जपानला ढकलण्यात या मर्यादेचा हात होता, हे नाकारता येत नाही.

देशी उद्योगाला दिलेल्या संरक्षणाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतील मेरिझव्हिल येथे मोटारी बनवायला सुरुवात केली (तो निर्णय मर्यादेच्या आधीचा होता), इतर जपानी कंपन्याही मागोमाग आल्या आणि अमेरिकेत रोजगार निर्माण झाले. डेट्रॉइटला मात्र स्पर्धक दाराशीच भेटला.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या नियमांनी अशा मर्यादांवर बंदी आणली. तरीही जुनाच प्रश्न नव्या रूपात समोर आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवर नेहमीच्या १० टक्क्यांखेरीज ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावले. या शुल्काऐवजी किमान विक्रीकिंमत ठरवावी का, यावर २०२५ मध्ये चीनशी बोलणी झाली. तसे झाल्यास युरोपीय ग्राहकाला गाडी महागच पडेल, फक्त वरचा पैसा युरोपच्या तिजोरीत न जाता चिनी कंपन्यांच्या ताळेबंदात जाईल.