इम्पी चित्रसंग्रह

इम्पी चित्रसंग्रह : शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या तीन चित्रकारांनी १७७७ ते १७८२ या काळात कोलकात्यात रंगवलेला पशुपक्षी व वनस्पतींचा चित्रसंग्रह. त्यात तीनशेहून अधिक चित्रे होती आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त पक्ष्यांची. फोर्ट विल्यमच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी घराच्या आवारात पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे करून घेण्यासाठी त्यांनी हे चित्रकार नेमले.

तिघेही मोगल परंपरेत तयार झाले होते. या परंपरेत शागीर्द उस्तादाच्या हाताखाली शिकत असे. खारीच्या केसांचा कुंचला, डिंकात कालवलेले रंग, सूक्ष्म ठिपक्या-रेघोट्यांनी छटा उठवणारे ‘परदाज’ आणि नमुना दुसऱ्या कागदावर उतरवण्याचा पारदर्शक ‘चरबा’ ही त्यांची साधने. पक्षी समोर ठेवून रंगवण्याची रीतही जुनीच होती. १६१२ मध्ये मोगल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून अपरिचित पशुपक्षी आणले, तेव्हा जहांगीरने आत्मवृत्तात त्यांचे वर्णन लिहिले आणि चित्रकारांकडून त्यांची चित्रेही करवून घेतली. जहांगीरचा दरबारी चित्रकार मन्सूर याने रंगवलेला टर्की पक्षी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यामुळे इम्पी संग्रहातला निसर्गवाद युरोपीयांनी शिकवला असे म्हणणे या चित्रकारांवर अन्याय करणारे आहे.

नवे शिकावे लागले ते वेगळेच. पोथीच्या पानाएवढ्या लघुचित्रांऐवजी समोर मोठा इंग्लिश व्हॉटमन कागद आला. पक्षी शक्य तिथे प्रत्यक्ष आकाराचा काढायचा, जलरंगाचा पातळ हात द्यायचा आणि पार्श्वभूमी कोरी सोडायची. कोऱ्या कागदावर चूक लपत नाही. पिसांचे थर, चोचीची चकाकी, पायांवरचे खवले यांसाठी लघुचित्राची बारीक रेघ उपयोगी पडली. फांदीचा तोल आणि पानांची वळणे मात्र मोठ्या मापात नव्याने बसवावी लागली.

या चित्रांतली पाने शोभेची नाहीत. झैनुद्दीनच्या १७७७ च्या एका चित्रात भांगपाडी मैना बोरीच्या फांदीवर बसली आहे आणि सोबत टसर रेशमाचे दोन पतंग, अळी व कोश आहेत. टसरची अळी बोरीचा पाला खाते. म्हणजे पक्षी, झाड आणि कीटक यांची सांगड डोळसपणे घातलेली आहे. चंदनाच्या डहाळीवरचा नीलपंख हेही त्याचेच गाजलेले चित्र.

शास्त्रालाही संग्रहाचा उपयोग झाला. इंग्लिश पक्षिशास्त्रज्ञ जॉन लेथॅम यांनी काही भारतीय पक्ष्यांची वर्णने या चित्रांच्या आधारे लिहिली. हिमालयीन मोनाल या पक्ष्याच्या ‘लोफोफोरस इम्पेजानस’ या शास्त्रीय नावात मेरी इम्पी यांचे नाव आहे. चित्रकारांपैकी कुणाचे नाव मात्र पक्ष्याला मिळाले नाही.

इम्पी कुटुंबाबरोबर संग्रह इंग्लंडला गेला, १८१० मध्ये लंडनमध्ये लिलावात निघाला आणि पुढे विखुरला. मिनिॲपोलिस, न्यूयॉर्क, ऑक्सफर्ड येथील संग्रहालयांत त्यातील चित्रे पाहायला मिळतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भारतीय चित्रकारांनी युरोपीय ग्राहकांसाठी काढलेल्या, म्हणजे कंपनी शैलीतील, असंख्य चित्रांचे कर्ते अज्ञात आहेत. इथे मात्र बऱ्याच चित्रांवर फारसी व इंग्लिश नोंदींत चित्रकाराचे नाव आहे, त्यामुळे तिघांचे हात आजही वेगवेगळे ओळखता येतात.