'हॅल्सियन'मध्ये समुद्र नाही, फक्त खंड्या आहे

इंग्रजीत सुखाच्या, निवांत दिवसांना 'हॅल्सियन डेज' म्हणतात. या विशेषणाची एक फोड वर्षानुवर्षे फिरते आहे: ग्रीक 'हाल्स' म्हणजे समुद्र, 'क्युओ' म्हणजे गर्भ धारण करणे, म्हणून हॅल्सियन म्हणजे समुद्रावर पिल्ले घालणारा पक्षी. ऐकायला गोड, पण चूक.

ग्रीकमध्ये खंड्याचे नाव 'अल्क्युओन' होते. त्यात 'ह' नव्हता आणि समुद्रही नव्हता. 'ह' मागाहून चिकटला, तो याच फोडीमुळे. म्हणजे जे अक्षर आज पुरावा म्हणून दाखवले जाते, ते त्या गैरसमजानेच जन्माला घातले आहे. मला ही गोष्ट मूळ कथेपेक्षाही विलक्षण वाटते.

कथा अशी, की हिवाळ्यात सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे सात-सात दिवस समुद्र शांत होतो आणि खंड्याची मादी लाटांवर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते. अ‍ॅरिस्टॉटलनेही या चौदा दिवसांचा उल्लेख केला आहे. 'निवांत' हा अर्थ खरोखरच या कथेतून आला. चुकते ती फक्त शब्दाची फोड.

आणि घरटे? युरोपातला खंड्या नदीकाठच्या उभ्या मातीत चोचीने बोगदा खणतो, हातभर किंवा त्याहून लांब. आतल्या खोलीत पांढरी, गोलसर अंडी असतात आणि त्यांच्याखाली खंड्याने ओकून टाकलेल्या माशांच्या काट्यांचा थर. शिवाय वीण हिवाळ्यात नव्हे, वसंतात सुरू होते.