स्वमग्न प्रौढांचा सामाजिक स्वीकार : ग्रामीण विदर्भ

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांना घर, शेत, बाजार, सणवार आणि ग्रामसभा यांत त्यांच्या स्वभावासकट जागा मिळणे, याला येथे सामाजिक स्वीकार म्हटले आहे. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत ही जागा पुष्कळदा कोणत्याही निदानाशिवाय, नुसत्या ओळखीपाळखीतून मिळालेली असते. तिचा कमकुवतपणाही त्यातच आहे. आई, एखादी वहिनी, एखादा समजूतदार शेतमालक अशी दोन-तीन माणसे ती धरून ठेवतात, आणि ती माणसे गेली की जागाही जाते.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. बोलण्याची आणि लोकांत मिसळण्याची वेगळी रीत, ठरलेल्या क्रमाची ओढ, एखाद्याच विषयात खोल रस आणि आवाज, उजेड, वास, स्पर्श यांची तीव्र किंवा अगदी मंद जाणीव ही तिची मुख्य लक्षणे. काही जण आयुष्यभर बोलत नाहीत, काही जण तासन्‌तास बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमता किंवा मिरगी सोबत असते, पुष्कळांना नसते. स्वमग्नता औषधाने जात नाही. औषधे दिली जातात ती झोप, झटके, अतिचिंता अशा सोबतच्या त्रासांसाठी. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत आणि हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात तिचे वर्णन केले. दोघांपुढेही मुले होती. स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचा आजार हा समज तेव्हापासून रुळला तो अजून हललेला नाही.

कॅनर यांच्या नोंदीतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट (१९३३–२०२३) पुढे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या छोट्या गावातच राहिला, हे या विषयात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे होता. त्याला मोजण्याचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला नांगरताना मक्याच्या ओळी मोजू दिल्या. नंतर त्याने गावच्या बँकेत नोकरी केली, एकट्याने प्रवास केले, आणि गावाने त्याला आपला मानले. मात्र ती बँक त्याच्या आजोळच्या घराण्याशी संबंधित होती. गावाचा मोठेपणा खरा, पण पाठीशी घरची ऐपत होती हेही खरे. कोरडवाहू कपाशीच्या पाच एकरांवर जगणाऱ्या कुटुंबाला हा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

विदर्भातील खेड्यांत अशा माणसाला येडा, बह्याड, अर्धवट, मुका किंवा जरा सौम्यपणे ‘भोळा’ म्हणतात. तो ‘आपल्याच तालात असते’ असेही म्हणतात, आणि हे वर्णन पुष्कळ अहवालांपेक्षा नेमके असते. कारणे मात्र भलतीच शोधली जातात. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, कोणाची नजर लागली, बाहेरचे झाले. आणि फिरून दोष आईच्या पदरात. देवर्षी, भगत, दर्गे, मंदिरे यांच्या वाऱ्यांत कुटुंबाची वर्षे आणि पैसा जातो. शांतपणे अंगारा लावून परत पाठवणाऱ्यांकडून फारसे बिघडत नाही. बिघडते ते बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे या प्रकारांनी. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

याच प्रदेशाला ‘वेडेपणा’ पूज्य मानण्याचीही जुनी परंपरा आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला (जि. अमरावती) राहिलेले महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू रीतभात न पाळता गावभर फिरत, कोणाच्याही घरात शिरत, मनास येईल ते खात, आणि गाव त्यांना ‘राऊळ’ या आदराच्या नावाने सांभाळी. अशा विभूतींना आज स्वमग्न ठरवण्याचा उत्साह काही जण दाखवतात. तो टाळावा, सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान कथांवरून होत नसते. शिवाय अवलियाला मिळणारी मुभा देवत्वाच्या पोटी मिळते. सोयाबीनच्या ढिगाशेजारी डोलत बसलेल्या शेजारच्या पोराला कोणी ती देत नाही.

कामधंदा हा स्वीकाराचा खरा पाया आहे, आणि तिथे खेड्याची बाजू शहरापेक्षा उजवी ठरते. शेतीच्या कामांना मुलाखत लागत नाही, गप्पा लागत नाहीत, आणि त्यांचा क्रम वर्षानुवर्षे तोच असतो. गुरे वळणे, शेळ्या राखणे, गोठा झाडणे, ठरल्या वेळी मोटार सुरू करणे, वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्री आकारानुसार वेगळी करणे, गडचिरोलीत तेंदूपाने मोजून पुडके बांधणे ही कामे कित्येक स्वमग्न माणसे मन लावून, चोख करतात. कपाशीची वेचणी विशेष जमते. ओळ सरळ असते, काम दिसते, संपले की संपल्याचे कळते. मात्र वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि बोंड अन्‌ बोंड स्वच्छ वेचणाऱ्याचा कापूस दिवसाखेर कमी भरतो. मालकाला त्याच्या कापसात काडीकचरा सापडत नाही, पण त्या सफाईचे वेगळे मोल काट्यावर होत नाही.

अडचण बहुधा कामात नसते, ते सांगण्यात असते. ‘तिकडचं थोडं पाहून घे’ या वाक्यातून मुकादमाला जे म्हणायचे असते ते स्वमग्न मजुराला उमगेलच असे नाही. ‘या धुऱ्यापासून त्या निंबापर्यंत सहा तासं निंद, मग पाणी पी’ असे सांगितले की काम होते. (तास म्हणजे इथे पिकाची ओळ, घड्याळातला नव्हे, असे सांगून ठेवावे लागते.) ऐनवेळी शेत बदलणे, रोजची बंडी (बैलगाडी) सोडून दुसऱ्याच्या गाडीत बसवणे, जेवणाची वेळ पुढे ढकलणे यांनी दिवस मोडू शकतो. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले तर पुष्कळदा मोडत नाही. कळपातील प्रत्येक शेळी वेगळी ओळखणाऱ्या माणसाला बाजाराच्या दिवशी एक शेळी न सांगता विकली की तो दोन दिवस जेवत नाही. घरच्यांना हा हट्ट वाटतो. त्याच्या दृष्टीने ती चोरी असते.

एक काम अशा मजुरावर कधीही एकट्याने सोपवू नये, ते म्हणजे फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले, तेव्हा या कामातला धोका साऱ्या राज्याला कळला. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीतली घुसमट ही लक्षणे काही स्वमग्न व्यक्तींना स्वतःलाच उशिरा जाणवतात, आणि जाणवली तरी सांगता येत नाहीत. उन्हाचेही तसेच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो आणि एखादा जण सवयीचा जाड सदरा काढायला तयार नसतो, तहान लागली असे म्हणत नाही. त्याला ठरावीक वेळी पाणी हातात द्यावे लागते.

मजुरीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. त्याला पैशातलं काय कळते, म्हणून दाम वडिलांच्या किंवा भावाच्या हाती जातात. कुठे दोन वेळचे जेवण आणि जुने कपडे यांवरच वर्ष निघते. याला गावात दया म्हणतात. कामाचा मोबदला न देणे हे सरळ शोषण आहे आणि त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि महिन्याला निदान काही रक्कम आपल्या मर्जीने खर्चायची मुभा, मग तो बाजारातून दर आठवड्याला एकाच प्रकारची भिंगरी का आणीना, एवढ्याने माणसाचे घरातले वजन बदलते.

आठवडी बाजार, लग्नातला डीजे, पोळ्याची गर्दी यांत कानांवर आणि अंगावर जे येते ते कित्येकांना सोसत नाही. कान दाबून पळणारा माणूस मग हसण्याचा विषय होतो. पण त्याच पोळ्यात तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या काहींना शब्दन्‌शब्द पाठ असतात, आणि त्या दिवशी गाव त्यांना पुढे करते. लग्नात पंगतीच्या आधी, मंडप रिकामा असताना जेवू घालणे ही साधी सोय जाणती घरे कधीपासून करत आली आहेत. मला सर्वांत बोलकी वाटते ती गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) प्रेरणेने विदर्भातील खेड्याखेड्यांत संध्याकाळी ती होते. वेळ ठरलेली, बसण्याची जागा ठरलेली, शब्द रोज तेच, मध्ये मौन, आणि कोणी कोणाला ‘काय चाललं?’ विचारत नाही. स्वमग्न माणसाला चारचौघांत बसण्यासाठी यापेक्षा सोयीची रचना कोणी मुद्दाम ठरवूनही क्वचितच केली असती. ती त्यांच्यासाठी केलेली नाही, हे तिचे विशेष.

स्त्रियांचे चित्र वेगळे आहे. अबोल, कामसू, नजर खाली ठेवणारी मुलगी गावाला सुलक्षणी वाटते. तिची स्वमग्नता संस्कारांच्या खाली झाकली जाते आणि लग्नानंतर, सासरच्या अनोळखी घरात, उघडी पडते. मुलग्यांबाबत ‘लग्न लावून द्या, सुधरते’ हा सल्ला सर्रास मिळतो. समोरच्या पक्षाला न सांगता लावलेली अशी लग्ने दोन माणसांचे नुकसान करतात. सगळे सांगून-समजून झालेली लग्ने टिकतातही. लैंगिक अत्याचाराचा धोका स्वमग्न स्त्री-पुरुष दोघांनाही असतो आणि घरात त्यावर बोलणे जवळजवळ होत नाही.

कायद्याने बरेच दिले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत तिला स्पष्ट स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत मात्र तिचा रकाना नव्हता, त्यामुळे गावाच्या कागदावर हे लोक मतिमंद, मनोरुग्ण किंवा ‘इतर’ म्हणून विखुरले. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, एसटी भाड्यातील सवलत असे लाभ मिळू शकतात, आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. तीनचाकी सायकल किंवा श्रवणयंत्र वाटून तो हिशेब जुळवणे सोपे. स्वमग्न माणसाला हवी असते ती वस्तू नसून सोबत करणारा माणूस असतो, आणि तो खरेदीच्या यादीत बसत नाही.

शिवाय सारी यंत्रणा अठराव्या वर्षापर्यंतची. शाळांतील विशेष शिक्षक, २०१३ पासूनची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र हे मुलांसाठी आहे. तिशीतल्या माणसाला निदान करून घ्यायचे तर नागपूर, सेवाग्राम, सावंगी किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, धारणीहून अमरावती शंभराहून. एसटीचा खडखडाट, रुग्णालयातली रांग, अनोळखी खोली, आणि मग गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्याला मराठीत प्रश्न! त्या दिवशी खुर्चीत बसलेला माणूस घरच्या माणसासारखा वागतच नाही. आशाताई (गावची आरोग्य स्वयंसेविका) आणि घरच्यांनी लिहून आणलेल्या रोजच्या सवयींच्या टिपणाला तपासणीत वजन दिले, तर यातले पुष्कळ निभावते.

आईवडील गेल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि तो शेवटी सातबाऱ्यावर येऊन थांबतो. ‘त्याला काय करायची जमीन, आम्ही पोसतोच आहो’ म्हणत वारसनोंदीत नाव गाळणे किंवा हक्कसोडपत्रावर अंगठा घेणे हे प्रकार घडतात. मालमत्ता बाळगण्याचा आणि वारसाने मिळवण्याचा समान हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केला आहे. प्रौढ स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार राष्ट्रीय न्यासाच्या जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे असतो. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. गावात ही तरतूद फार थोड्यांच्या कानावर असते. तलाठी आणि ग्रामसेवकांनी वारसनोंद करतानाच ती सांगावी.

ज्यांना घरच उरलेले नाही अशांच्या बाबतीत अचलपूर तालुक्यातील वझ्झरचे नाव घ्यावे लागते. शंकरबाबा पापळकर यांनी तिथे टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले, वाढवले, त्यांची लग्ने लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे काम केवळ स्वमग्नांसाठी नाही, पण त्यांची मागणी या नोंदीच्या मुळाशी भिडते : बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृहातून बाहेर काढू नये, त्यांना तिथे आयुष्यभर राहता यावे असा कायदा करावा.

घर असलेल्यांसाठी २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची वाट दाखवली आहे. तीत पालक परस्पर निर्णय घेत नाही, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून ठराविक बाबीपुरता, ठराविक काळापुरता घेतो. पालकत्वाचा अर्ज कोणत्याही कायद्याखाली असो, सुनावणी नातेवाइकांचेच म्हणणे ऐकून उरकू नये. ज्याच्याविषयी अर्ज आहे त्याला सवयीच्या माणसासोबत, शांत खोलीत बसवून, घाई न करता विचारावे. न बोलणारी माणसेही बोटाने, चित्राने, मोबाइलवर अक्षरे दाबून होकार-नकार देतात, आणि कोणत्या भावाकडे राहायचे हे त्यांना पुष्कळदा पक्के ठाऊक असते.